वाइनची द्राक्षं काढायची घाई करू नका (माळशिरस-अकलूज पट्टा, जानेवारी अखेर)

राम राम मंडळी, पांढऱ्या जातींच्या मण्यात पाणी उतरून (म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागून) बरेच दिवस झालेत आणि आता फोनवर सगळ्यांचं एकच, माल कधी काढायचा. आपल्या उसाच्या पट्ट्यात वाइनची द्राक्षं होतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण मोटेवाडीला मोहिते-पाटील, सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरच्या भावांनी मिळून फ्रातेली ही वायनरी उभी केली, इटालियनमध्ये या नावाचा अर्थच भाऊ.

खरी अडचण आपल्या खायच्या द्राक्षांच्या सवयीची आहे. वाइनला मणी बारीकच बरा, सालीतच रंग आणि चव असते, म्हणून फुगवणीला जीए (मणी मोठा करणारं जिबरेलिक ॲसिड) नको आणि वजन वाढावं म्हणून काढणीच्या तोंडावर ड्रिप सोडणं तर नकोच. ०:०:५० या पोटॅशच्या खताचा जादा डोसही टाळा, पोटॅश जास्त झालं की रसाचा पीएच चढतो, म्हणजे आंबटपणा कमी होतो, आणि अशी वाइन टिकायला अवघड जाते. भुरी या बुरशीजन्य रोगासाठी गंधक मारत असाल तर काढणीच्या किमान महिनाभर आधी थांबवा, नाहीतर आंबवताना टाकीतून सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि मग वायनरीवाला तुमचा माल परत विचारत नाही.

रिफ्रॅक्टोमीटरवर (रसातली साखर मोजायचं यंत्र) एक-दोन गोड मणी बघून ठरवू नका. ओळीच्या दोन्ही बाजूंनी, घडाच्या वरून-खालून मिळून शंभरेक मणी घ्या, एकत्र चुरगाळा, मग ब्रिक्स, म्हणजे साखरेचं माप, बघा. सोविन्यॉं ब्लां या पांढऱ्या जातीला २१ ते २३, शिराझ-कॅबर्ने या लाल जातींना २३-२४ च्या आसपास. आणि बी चावून बघाच, हिरवी असेल तर थांबा, तपकिरी होऊन कुरकुरीत लागली की लाल माल तयार.

काढणी पहाटे, उन्हं चढायच्या आत संपवा, क्रेट काठोकाठ दाबून भरू नका, रस फुटला की गाडीतच आंबायला लागतं.

घरी वाइन करून विकायचा विचार असेल तर आधी उत्पादन शुल्कचं लायसन्स, त्याशिवाय नको. त्यापेक्षा या हंगामात मोटेवाडीला किंवा दौंडकडच्या रोटी गावातल्या वायनरीला फोन करून एक चक्कर मारा. टेस्टिंगपेक्षा आधी जिथं क्रेट उतरतात तिथं उभे राहा आणि कुठला घड बाजूला काढतायत आणि का, ते विचारा.