मालकासारखे काम करण्याआधी काय विचारून घ्यावे

‘कंपनी आपलीच समजून काम करा’ हे वाक्य गोव्यातील वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत रुजू होणाऱ्याच्या कानावर पहिल्याच आठवड्यात पडते. त्याला मान डोलावण्यापूर्वी मालकी कशाला म्हणतात, हे आपल्या गावाकडे पाहून समजून घ्यावे. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामायिक मालकीच्या, जमिनीबद्दल गावकाराला, म्हणजे तिच्या वंशपरंपरागत सभासदाला, आपलेपणा वाटतो, कारण बैठकीत त्याच्या मताला किंमत असते आणि खर्च वजा जाता उरलेल्या उत्पन्नातून त्याला जोण, म्हणजे वार्षिक वाटा, मिळते. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, भाटात (बागायतीत) घर करून राहणाऱ्या आणि राखण करणाऱ्या मुंडकाराकडे यातले काहीच नव्हते. त्याला राहत्या घरातून हुसकावता येऊ नये, एवढ्यासाठीसुद्धा 1975 चा कायदा यावा लागला.

म्हणून जबाबदारी स्वीकारताना तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे ईमेलवर घ्यावीत: स्वतःच्या सहीने मी किती खर्च करू शकतो, माझ्या विभागाचा हिशेब मला पाहायला मिळेल का, आणि फायदा झाल्यास माझा वाटा किती.

पहिला प्रश्न न विचारण्याची किंमत मी मोजली आहे. एका कारखान्यात देखभाल विभागात असताना रात्रपाळीत पंपाचे सील गेले आणि पाणी मोटरकडे सरकू लागले. पहाटे फोंड्यातील ओळखीच्या दुकानदाराला उठवून, 1,800 रुपये खिशातून देऊन मी सील आणले व पंप सुरू केला. पुढे पर्चेस ऑर्डर नाही म्हणून बिल परत आले आणि विनापरवाना पंप उघडल्याचा मेमोही मिळाला. ते मला फार लागले. आता अशा वेळी मी आधी पंप बंद करून लॉगबुकात वेळ नोंदवतो, गळतीचा फोटो सुपरवायझरला पाठवतो, सोबत किती खर्च येईल, किती वेळ लागेल आणि मंजुरी हवी आहे एवढेच लिहितो, आणि होकार आल्यावरच पाना हातात घेतो. काळजी मालकाइतकीच घ्यावी, निर्णय मात्र ज्याचा त्याला घेऊ द्यावा.

वाटा म्हणून ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला पुढे विकत घेण्याचा पर्याय, देऊ केले, तर आणखी सावध राहावे. ते मिळाल्यापासून किमान एक वर्ष गेल्याशिवाय शेअर घेण्याचा हक्क लागू होत नाही. शेअर घेताना बाजारमूल्य आणि आपण भरलेली किंमत यांतील फरक पगारी उत्पन्न धरून त्यावर कर लागतो, त्यामुळे शेअर विकण्याआधीच पैसे उभे करावे लागू शकतात. ही तरतूद आधी करावी.

वाटा नसेल तरी काम चोखच करावे. हत्यार पुसून ठेवण्यासाठी शेअर लागत नाहीत. मात्र मालकीच्या नावाखाली गणेश चवथीची रजा सोडायला सांगितले, तर बदली रजा कोणत्या तारखेला मिळेल ते त्याच दिवशी लिहून घ्यावे. कारखान्यातील कामगाराला ठरलेल्या तासांपलीकडील कामाची मजुरी दुप्पट दराने देणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा ते जादा तास हजेरीपटावर चढले आहेत ना, हे सही करण्यापूर्वी स्वतः वाचून पाहावे.