पारदर्शक विंडोतील फ्लिकर: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक विंडो तयार करण्याचे काम हाती आले की एक तक्रार हमखास येते: विंडो हलवली किंवा तिचा आकार बदलला की ती लुकलुकते, म्हणजेच फ्लिकर होतो. विंडोज प्रणालीवर हेच काम बराच काळ केल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, उपाय शोधण्याआधी एका बदलात एकच पिक्सेल किती वेळा रंगवला जातो आहे, हे तपासले पाहिजे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. तेवढ्या वेळात आधी पार्श्वभूमी पुसली गेली आणि खरे चित्र पुढच्या फ्रेमवर ढकलले गेले, तर मधली पुसलेली अवस्था डोळ्यांना दिसते.

हा तपास करायला एक सोपी युक्ती आहे. विंडो क्लासच्या (विंडोच्या मूळ नोंदणीच्या) पार्श्वभूमीच्या ब्रशला (पार्श्वभूमी भरणाऱ्या साधनाला) तात्पुरता भडक जांभळा रंग द्यावा आणि विंडोचा आकार कोपऱ्याला धरून भराभर बदलावा. जांभळी झाक दिसली, तर दोष पार्श्वभूमी पुसणाऱ्या इरेज बॅकग्राउंड संदेशाचा (प्रणाली विंडोला पाठवते त्या सूचनेचा) आहे. ती दिसली नाही आणि तरीही चित्र थरथरले, तर दोष आपल्या रंगवण्याच्या क्रमात आहे.

साध्या, अपारदर्शक विंडोत हा प्रश्न लवकर सुटतो. इरेज बॅकग्राउंड संदेशाला शून्येतर उत्तर देऊन पुसणे थांबवावे, सगळे चित्र आधी मेमरीतील बिटमॅपवर काढावे आणि पेंट संदेशात ते एकाच बिटब्लिटने (पिक्सेलांच्या एकगठ्ठा नकलेने) पडद्यावर आणावे. विंडोत बटणे किंवा यादी असेल, तर क्लिप चिल्ड्रन ही स्टाइलही लावावी, म्हणजे मुख्य विंडो त्यांच्या जागेवर रंगवत नाही.

पारदर्शक विंडोत मात्र नेमका हाच उपाय अंगलट येतो. पुसणे थांबवल्यावर जुने पिक्सेल तसेच राहतात, त्यांवर अर्धपारदर्शक रंगाचा नवा थर चढतो, आणि प्रत्येक वेळी रंगवताना रंगाची छटा अधिकाधिक गडद होत जाते. ती घालवण्यासाठी पुन्हा पुसायला सुरुवात केली की फ्लिकर परत येतो. या फेऱ्यातून बाहेर पडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे लेयर्ड विंडो (जिचे तयार चित्र प्रणालीच मागच्या चित्रात मिसळते), जी विंडोज २००० पासून उपलब्ध आहे. बत्तीस बिटांचा डीआयबी सेक्शन (पिक्सेल थेट हाताळता येणारा मेमरीतील बिटमॅप) घ्यावा, मेमरीतच तो पूर्ण शून्य करावा, सगळे चित्र त्यावर काढावे आणि मग अपडेट लेयर्ड विंडो हे फंक्शन बोलवावे. हे फंक्शन चित्र, आकार आणि स्थान या तिन्ही गोष्टी एकत्र स्वीकारते, आणि नवोदितांचे सर्वाधिक दुर्लक्ष याच सोयीकडे होते. विंडो आधी सेट विंडो पॉस या फंक्शनने हलवून चित्र नंतर दिले, तर नव्या जागी जुने चित्र क्षणभर दिसू शकते. तिन्ही गोष्टी एकाच हाकेत दिल्या, की मधली अवस्था उरतच नाही.

या मार्गावर काही अटी पाळाव्या लागतात. रंगांच्या किमती अल्फाने (पिक्सेलच्या अपारदर्शकतेच्या आकड्याने) आधीच गुणलेल्या असाव्या लागतात: निम्मा पारदर्शक शुद्ध लाल म्हणजे लाल २५५ आणि अल्फा १२८ नव्हे, तर दोन्ही १२८. हे चुकले की कडांवर उजळ किनार दिसते आणि ती फ्लिकरच आहे असे वाटत राहते. जीडीआय या विंडोजच्या मूळ चित्रण-व्यवस्थेची जुनी फंक्शन्स अल्फाची काळजी घेत नाहीत. त्यांनी लिहिलेल्या मजकुराचा अल्फा सहसा शून्य होतो, त्यामुळे अक्षरे धड उमटत नाहीत. मजकुरासाठी जीडीआय प्लस किंवा डायरेक्टटूडी ही नंतरची चित्रण-व्यवस्था वापरावी, आणि क्लिअरटाइपऐवजी (पिक्सेलच्या रंगीत भागांनी अक्षरे गुळगुळीत करण्याच्या पद्धतीऐवजी) करड्या छटांचे अँटीअलायझिंग निवडावे, कारण क्लिअरटाइपला मागचा रंग आधी ठाऊक असावा लागतो. बिटमॅपचे पिक्सेल थेट वाचायचे किंवा बदलायचे असतील, तर त्याआधी जीडीआय फ्लश करावे, म्हणजे जीडीआयची साठलेली कामे आधी पूर्ण होतात. शिवाय, त्याच विंडोवर सेट लेयर्ड विंडो ॲट्रिब्यूट्स (संपूर्ण विंडोला एकच पारदर्शकता किंवा एक पारदर्शक रंग देणारे फंक्शन) एकदा बोलवले, की लेयर्ड स्टाइल काढून पुन्हा लावेपर्यंत अपडेट लेयर्ड विंडो अपयशी ठरते. हे दोन मार्ग मिसळू नयेत.

डेस्कटॉप विंडो मॅनेजर हा विंडोजचा घटक विस्टा या आवृत्तीपासून आला आणि विंडोज ८ पासून तो कायम चालू असतो, म्हणून फ्लिकर आपोआप जाईल अशी अपेक्षा अनेकांची असते. तो विंडोंची चित्रे एकत्र करतो हे खरे, पण आपण पृष्ठभागावर अर्धवट रंगवलेले असताना त्याने तो उचलला, तर अर्धवट चित्रच पडद्यावर जाते.

पूर्ण एचडी आकाराचा बत्तीस बिटांचा बिटमॅप सुमारे ८३ लाख बाइट व्यापतो, म्हणून तो दर फ्रेमला नव्याने तयार करू नये. आकार बदलला तरच बदलावा. सतत चालणारे ॲनिमेशन असेल, तर एवढी नक्कल प्रत्येक फ्रेमला करणेही जड जाते. अशा वेळी, विंडोज ८ किंवा त्यापुढची प्रणाली पुरेशी असेल तर, डायरेक्टकंपोझिशन (चित्रांचे थर ग्राफिक्स कार्डावर जोडणारी विंडोजची व्यवस्था) आणि नो रीडायरेक्शन बिटमॅप (विंडोसाठी वेगळा बिटमॅप न ठेवणारी) या स्टाइलची जोडी मी निवडतो, कारण तिथे पूर्ण झालेली फ्रेमच ग्राफिक्स कार्डामार्फत पुढे सरकते.