वारंवार रक्त चढतंय? लोहाच्या बाबतीत या चुका टाळा

एमडीएस, म्हणजे मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम, हा बहुतेक करून साठी ओलांडलेल्यांचा आजार. अस्थिमज्जेत धड रक्तपेशी तयार होत नाहीत, म्हणून अनेकांना दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. हिमोग्लोबिन ७ दिसलं की घरचे घाबरतात आणि मेडिकलमधून रक्तवाढीचं टॉनिक आणतात. सगळ्यात मोठी चूक हीच. अहो, इथे सहसा लोह कमी नसतंच! लाल पेशींच्या एका पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह आत जातं; शरीर दिवसाला जेमतेम १-२ मिलिग्रॅम बाहेर टाकतं. उरलेलं यकृतात, हृदयात साठत राहतं. म्हणून मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवरही लोह आहे का ते वाचा. क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही मनाने सुरू करू नका.

काहीजण उलट टोक गाठतात: मेथी बंद, खजूर बंद. पिशवीपुढे ताटातलं लोह किरकोळ आहे. आधीच भूक मेलेल्या आजोबांच्या पुढ्यातली भाजी काढून घेऊ नका.

वही मात्र ठेवा. तारीख, पिशव्या, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी). साधारण २० पिशव्या झाल्या किंवा फेरिटिन १०००च्या वर राहू लागलं, की लोह काढणाऱ्या औषधाबद्दल रक्तविकारतज्ज्ञांना स्वतःहून विचारा. तापात, जंतुसंसर्गात फेरिटिन तसंही वाढतं. तेव्हाच्या एका आकड्यावरून घाबरू नका.

लोह काढणाऱ्या डेफेरासिरॉक्स या औषधाची विरघळणारी गोळी अख्खी गिळायची नसते, दुधात किंवा सोड्यातही घालायची नसते. उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी, पाण्यात नीट ढवळून द्या. ग्लासच्या तळाशी गाळ राहतो, त्यात थोडं पाणी घालून तोही पाजा. औषध त्यातच असतं. गिळायची गोळी वेगळी मिळते आणि तिची मात्राही वेगळी, त्यामुळे दुकानदाराने बदलून दिली तर आधी डॉक्टरांना फोन. ॲल्युमिनियम असलेलं ॲसिडिटीचं औषध सोबत नको.

क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडांच्या कामाची रक्ततपासणी 'बरं वाटतंय' म्हणून टाळू नका. या वयात मूत्रपिंडं आधीच थकलेली असतात, त्यात गुडघ्यासाठी परस्पर घेतलेली वेदनाशामकं भर घालतात. जुलाब-उलट्या लागल्या, लघवी कमी झाली किंवा शौचाला काळी झाली, तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांशी बोला.

डेफेरिप्रोन हे लोह काढणारं दुसरं औषध चालू असेल तर त्याने लघवी लालसर होते, त्याला भिऊ नका. ताप किंवा घसादुखी मात्र गंभीर धरा: पांढऱ्या पेशी एकदम घसरलेल्या असू शकतात. गोळी थांबवा, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा, रात्र असली तरी दवाखाना गाठा.