सेनापती पुष्यमित्र शुंगाचा इतिहास कसा अभ्यासावा

शुंग राजवंशाचा संस्थापक पुष्यमित्र याच्याविषयी मत बनवण्याआधी त्याच्यासंबंधीची साधने कालक्रमाने मांडून घ्यावीत, कारण त्याच्याबद्दल होणारे बहुतेक वाद जवळचे आणि दूरचे पुरावे एकाच तागडीत टाकल्यामुळे होतात. इ.स.पू. 185च्या सुमारास त्याने शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला ठार केले. मात्र सैन्याच्या पाहणीच्या निमित्ताने हे घडले, हा सर्वपरिचित तपशील बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’तला, म्हणजे सुमारे आठशे वर्षांनंतरचा आहे. बाण राजाला ‘प्रतिज्ञादुर्बल’, म्हणजे प्रतिज्ञा पाळण्यात दुबळा, म्हणतो आणि मारणाऱ्याला ‘अनार्य’; तेव्हा त्याचे अर्धेच वाक्य उद्धृत करू नये.

सुरुवात पतंजलीच्या ‘महाभाष्य’ या व्याकरणग्रंथापासून करावी. ‘इह पुष्यमित्रं याजयामः’ (येथे आम्ही पुष्यमित्राकडून यज्ञ करवतो) हे तिथे केवळ व्याकरणाचे उदाहरण म्हणून येते, आणि म्हणूनच मला ते मोलाचे वाटते, कारण त्यात कुणाची स्तुती करण्याचा हेतू नाही. ‘अरुणद् यवनः साकेतम्’ या उदाहरणातून यवनांनी (ग्रीकांनी) साकेताला, म्हणजे अयोध्येला, घातलेल्या वेढ्याची आठवणही मिळते. त्यानंतर कोसलचा राजा धनदेव याचा अयोध्येचा शिलालेख घ्यावा. त्यात पुष्यमित्राला ‘द्विरश्वमेधयाजिनः सेनापतेः’ असे म्हटले आहे, म्हणजे दोन अश्वमेध केल्यानंतरही लेखात उमटली ती सेनापती हीच पदवी. हाच धागा धरून पुढे जावे. पुराणे त्याला ‘सेनानी’ म्हणतात, बाणही तेच म्हणतो, आणि कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्रा’त यज्ञशाळेतून विदिशेला त्याच्या मुलाकडे, अग्निमित्राकडे, आलेल्या पत्रातही तो स्वतःला सेनापतीच म्हणवतो, राजा नव्हे. इतक्या वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांचे जेथे एकमत होते, तेथे पाय घट्ट रोवून उभे राहता येते.

मराठी वाचकाने याच नाटकातला विदर्भाचा प्रसंग मुद्दाम वाचावा. विदर्भाचा राजा यज्ञसेन याच्या पराभवानंतर तो आणि त्याचा चुलतभाऊ माधवसेन यांच्यात राज्य विभागले जाते व वरदा, म्हणजे आजची वर्धा नदी, सीमा ठरते. नाटक हे इतिहास नव्हे, हे मात्र विसरू नये.

राजवटीच्या कालावधीसाठी पुराणांकडे वळावे. पुष्यमित्राची 36 वर्षे आणि सर्व शुंगांची मिळून 112 वर्षे, असा हिशेब तिथे सापडतो.

बौद्धांच्या छळाचा प्रश्न सर्वांत जपून हाताळावा. शाकल (आजचे सियालकोट) येथे श्रमणाच्या, म्हणजे बौद्ध भिक्षूच्या, प्रत्येक शिरासाठी शंभर दीनार देण्याची घोषणा पुष्यमित्राने केली, असे ‘दिव्यावदान’ हा बौद्ध कथासंग्रह सांगतो. पण दीनार हे नाणे रोमन नावावरून आलेले असून ते नंतरच्या काळातले आहे, शिवाय तोच ग्रंथ पुष्यमित्राला मौर्यवंशात बसवतो. दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेशातील भारहूतच्या बौद्ध स्तूपाचे तोरण धनभूती या राजाने ‘सुगनं रजे’, म्हणजे शुंगांच्या राज्यात, उभारल्याचे कोरलेले आहे. या लेखाचा अर्थही ताणू नये: शुंगांच्या राज्यात बौद्ध स्तूपाला उघडपणे दान देता येत होते, एवढे तो सांगतो, ते दान पुष्यमित्राने दिले, असे सांगत नाही.