आठवीच्या वर्गात फाफे : फॅनफिक्शनमधून कथालेखन कसे शिकवावे

‘तुमच्या मनाने एक गोष्ट लिहा’ असे फळ्यावर लिहिले की निम्मा वर्ग पेनाचे टोपण चावत बसतो, कारण पात्र, गाव आणि प्रसंग हे सारे कोऱ्या कागदावर एकदमच उभे करावे लागते. वाचलेल्या गोष्टीतले पात्र घेऊन नवी गोष्ट रचायला, म्हणजेच फॅनफिक्शन लिहायला दिले, तर त्यातले बरेच ओझे उतरते. आपल्याकडे हे नवे नाही. एकाच रामकथेवर मोरोपंतांनी १०८ रामायणे रचल्याचे सांगतात.

प्रथम सर्वांना ठाऊक असलेले एकच पात्र निवडावे. भा. रा. भागवतांच्या किशोरकथांचा नायक फास्टर फेणे, म्हणजेच फाफे, मला सोयीचा वाटतो. त्याची एक कथा वर्गात मोठ्याने वाचून फळ्यावर दोन रकाने आखावेत. एकात पुस्तकात प्रत्यक्ष असलेले लिहावे : फुरसुंगीचा बनेश फेणे, विद्याभवन शाळा, सायकल, तोंडून निघणारा ‘ट्टॉक’. दुसऱ्यात मुलांनी त्यावरून बांधलेले अंदाज लिहावेत. ‘तो धाडसी आहे’ हे वाक्य कोणत्या रकान्यात जाते, यावर मुलांना मनसोक्त वाद घालू द्यावा. स्वभाव कृतीतून दिसतो, हे त्या वादातच त्यांच्या ध्यानात येते आणि व्याख्या सांगत बसावे लागत नाही.

पुढच्या तासाला मूळ कथेत एकच बदल करायला सांगावा आणि बाकीचे तसेच ठेवायची अट घालावी. माझ्या वर्गाने फाफेच्या हाती मोबाइल दिला. एका मुलाची गोष्ट तीन वाक्यांत आटोपली : ‘फाफेला चोर दिसले. त्याने पोलिसांना फोन केला. चोर पकडले गेले.’ वर्ग हसला. पण ती इतक्या लवकर का संपली, असे विचारताच मागच्या बाकावरून उत्तर आले, ‘सर, त्याला काही करावंच लागलं नाही.’ पुन्हा लिहिताना त्या मुलाने मोबाइल चोरांच्या टेम्पोतच राहू दिला, आणि तो ऐन वेळी वाजू नये म्हणून फाफेने केलेली धडपड दीड पान पुरली.

त्यानंतर वह्यांची अदलाबदल करावी. शुद्धलेखन तूर्त बाजूला ठेवून, ‘फाफे असे बोलेल का?’ या एकाच प्रश्नाने संवाद तपासावेत आणि खटकलेल्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढावी.

वर्गातल्या सरावापुरते हे निर्धास्त करावे. बाहेर छापायचे असल्यास मात्र परवानगी लागते, कारण भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो आणि भागवतांचे निधन २००१ साली झाले.

शेवटच्या तासाला पात्राचे नाव, गाव, सायकल, ‘ट्टॉक’ असे सारे उसने काढून टाकायला सांगावे आणि त्या जागी काय घालता येते, ते शोधू द्यावे. टेम्पोवाल्या गोष्टीत फाफेच्या जागी त्या मुलाची धाकटी बहीण आली. मोबाइल तिच्या आईचा होता आणि तो हरवल्याचे घरी कळता कामा नये, ही भीती आता चोरांपेक्षा मोठी झाली होती.