पुरानंतर नदी ‘साफ’ केली आणि ट्राउट गेले: या चुका टाळा

पूर ओसरला की पहिली मागणी ठरलेली: पात्र साफ करा. पोकलेन पाण्यात उतरतं. आठ-दहा दिवसांत ओंडके काठावर येतात, गोट्यांचे ढीग दोन्ही बाजूंना बांधासारखे उभे राहतात आणि मधून एकसारखं, सरळ, उथळ पाणी वाहू लागतं. काठावरच्या लोकांना हायसं वाटतं आणि ते चूक नाही, कारण पाणी त्यांच्या घरात शिरलेलं असतं. ट्राउट या थंड, वाहत्या पाण्यातल्या माशासाठी गळ घेऊन आलेल्या माणसाला मात्र कुठे उभं राहावं तेच कळत नाही. पाणी सगळीकडे सारखंच दिसतं.

इथे चुका दोन्हीकडून होतात. काम ठरवणाऱ्यांच्या चुका महाग पडतात. आम्हा गळवाल्यांच्या चुकांची किंमत कमी, पण त्यांची संख्या कमी नाही.

ओंडका दिसला की काढायचा

ट्राउट दिवसभर एका हिशेबात असतो. ओढीविरुद्ध पोहायला जेवढी ताकद जाते, त्यापेक्षा जास्त खाणं वाहत यायला हवं. म्हणून तो भर ओढीत थांबत नाही. मोठ्या गोट्यामागे, आडव्या ओंडक्याखाली, मुळांनी धरलेल्या पोखरलेल्या काठाखाली, म्हणजे जिथे पाणी मंद आहे पण हातभर अंतरावर वेगाची धार आहे, तिथे तो जागा धरतो. शिवाय तो जागेसाठी भांडणारा मासा आहे. चांगल्या आडोशाला बहुधा एकच मोठा मासा मालक असतो. त्यामुळे नदीत किती मासे राहतील हे बऱ्याच अंशी आडोसे किती आहेत यावर ठरतं. वीस आडोसे काढले तर वीस बिऱ्हाडं उठवली, असं समजा.

ओंडका आणखीही कामं करतो. त्याच्यावरून आणि खालून जाणारं पाणी तळ उकरतं आणि डोह तयार होतो. मागे खडी अडकते. पानं अडकतात, त्यावर कीटकांच्या अळ्या जगतात आणि त्या अळ्यांवर ट्राउट.

म्हणून सगळे ओंडके ठेवावेत असं नाही. पुलाच्या खांबांना किंवा मोरीच्या तोंडाशी अडकलेला ढिगारा काढलाच पाहिजे, त्यावर वाद घालू नये. पुलाच्या वरच्या अंगाला सुटा पडलेला ओंडकाही पुढच्या पुरात खांबांवर येऊन बसेल. पण मुळासकट काठाला धरलेलं, अर्धं खडीत रुतलेलं किंवा पात्राच्या रुंदीपेक्षा लांब असलेलं झाड सहसा जागचं हलत नाही. अशा झाडाची फार भीती वाटत असेल तर ते काठाच्या दिशेने फिरवून पक्कं बांधता येतं.

सरळ केलं की पूर संपला, असं मानणं

यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते लोकांना पटतं. आयरिश अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी 1889 मध्ये मांडलेलं, वाहत्या पाण्याचा वेग काढायचं सूत्र आजही वापरात आहे. त्यात पात्राच्या खडबडीतपणाला एक आकडा असतो. स्वच्छ, सरळ नैसर्गिक पात्रासाठी तो साधारण 0.030 धरतात आणि डोह, झुडपं, वेली असलेल्या संथ पात्रासाठी 0.070 च्या आसपास. आकडा निम्म्याहून खाली आला की त्याच खोलीला वेग दुपटीहून अधिक होतो. कागदावर काम फत्ते.

पण ते पाणी जातं कुठे? खालच्या गावाकडे, आणि आधीपेक्षा लवकर. खाली अरुंद पूल किंवा सपाट, तुंबणारा पट्टा असेल तर पाण्याची पातळी तिथूनच मागे ठरत येते. मग वर कितीही खोदा, पातळी फारशी उतरत नाही. पैसा गेला, डोह गेले, पूर जिथल्या तिथे.

वळणं काढण्याचा परिणाम त्याहून वाईट. समजा, तीन किलोमीटर वळत जाणारी नदी दोन किलोमीटरच्या सरळ चरात बसवली. उतरायची उंची तेवढीच राहिली, म्हणजे उतार दीडपट झाला. तीव्र उतारावरचं वेगवान पाणी तळाची खडी घेऊन निघतं. तळ खचू लागतो आणि खचण्याची ती पायरी दर पुरात वरच्या दिशेने सरकत जाते. जिथे यंत्र कधी गेलंच नाही तिथेही काठ ढासळतात, मोरीचं तोंड पाण्याच्या वर लटकतं आणि विणीसाठी वर चढणाऱ्या ट्राउटची वाट बंद होते. ढासळलेली माती आणि सुटलेली खडी खाली, जिथे उतार मंदावतो तिथे, पुन्हा साचते. मग पुन्हा मागणी: साफ करा.

रुंद केलं म्हणजे बरं झालं, असं मानणं

पूर वर्षातून काही दिवस असतो, उरलेलं वर्ष नदीत थोडंच पाणी असतं. रुंदीकरणात नेमका याचा विसर पडतो. सहा मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल वाहणारं पाणी पंधरा मीटरच्या सपाट पात्रात पसरवलं, तर उतार आणि तळ तसाच धरून खोली फूटभरसुद्धा उरत नाही. वरून बगळ्याला स्पष्ट दिसणाऱ्या त्या पाण्यात शहाणा मासा थांबणार नाही.

त्यात यंत्राला जायला वाट हवी म्हणून काठावरची झाडं तोडलेली असतात. पातळ थर, वर ऊन. ट्राउटला 10 ते 16 अंश सेल्सिअस पाणी मानवतं, 20 च्या वर तो खाणं कमी करतो आणि 25 च्या आसपास जिवावर बेततं. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो: 10 अंशांना लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम, 20 अंशांना 9.1. म्हणजे शरीराची गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो.

यावर उपाय आहे आणि तो नवा नाही. पुराच्या पाण्यासाठी वर रुंद जागा ठेवायची आणि तिच्या आत रोजच्या पाण्यासाठी अरुंद, खोल, वळणदार चर राखायचा. बांध घालायचाच असेल तर काठाला चिकटून न घालता मागे सरकवून घालायचा. जमीन जास्त लागते. बहुतेक ठिकाणी घोडं तिथेच अडतं.

‘आत्ता मासे दिसत नाहीत, करून टाका’

मासे दिसत नसतात तेव्हा ते बऱ्याचदा खडीत असतात, अंड्यांच्या रूपात. ब्राउन ट्राउट शरदाच्या उत्तरार्धात आणि हिवाळ्याच्या तोंडाशी विणतो, रेनबो बहुधा वसंतात. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, अंडी घालते आणि वरून खडी लोटते. जागा ती डोहाच्या शेपटाला निवडते, जिथून पाणी खडीत झिरपतं. 5 अंशांच्या पाण्यात ब्राउन ट्राउटच्या अंड्यांतून पिल्लं निघायला अडीच-तीन महिने लागतात आणि त्यानंतरही काही आठवडे ती खडीतच असतात. एवढा काळ त्या फटींतून पाणी वाहत राहायला हवं. वर कुठेतरी यंत्राने तळ ढवळला की बारीक गाळ खाली येऊन फटी बुजवतो. अंडी गुदमरतात. वरून पाहिलं तर काहीच दिसत नाही.

म्हणून प्रवाहातलं काम वीण आणि अंडी उबण्याचा काळ टाळून, पाणी कमी असताना करायचं. तुमच्या नदीत दोन्ही जाती असतील तर मोकळे आठवडे फार थोडे उरतात, हेही आधीच सांगून ठेवा.

पहिल्याच हंगामावरून निकाल देणं

ही आमची चूक. काम झालं आणि पुढच्याच महिन्यात एका डोहात चांगले मासे लागले. झालं, ‘उलट मासेमारी सुधारली!’ प्रत्यक्षात दोन किलोमीटरचे हुसकलेले मासे उरलेल्या एकमेव डोहात जमलेले असतात. आणि गळवाला तिथूनच ते उचलून नेत असतो.

उलट बाजूही आहे. ब्राउन ट्राउट गळाच्या मापाचा व्हायला बऱ्याच नद्यांत तीनेक वर्षं लागतात. यंदाची अंडी गाळाखाली गेली असतील, तर तो खड्डा तुम्हाला तीन वर्षांनी जाणवेल, आणि तोवर दोष हवामानाला किंवा शेजारच्या गळवाल्याला देण्याची सोय झालेली असते.

सगळा दोष पुराला देणं

28 ऑगस्ट 2011 रोजी आयरीन वादळाने अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या नद्यांची दाणादाण उडवली. रस्ते, पूल वाहून गेले आणि दुरुस्तीच्या घाईत बुलडोझर थेट नद्यांत उतरले. काही ठिकाणी ते गरजेचं होतं. बऱ्याच ठिकाणी गरजेपेक्षा कितीतरी जास्त खोदलं गेलं आणि नदीचा तळ रस्त्यासारखा सपाट झाला. तिथल्या मत्स्यतज्ज्ञांचं म्हणणं महत्त्वाचं आहे: नुसत्या पुराने घटलेले रानटी ट्राउट साधारण दोन ते चार वर्षांत सावरतात. जिथे तळ खणून, सरळ करून ठेवला तिथे मात्र नदीला आपलं पात्र पुन्हा घडवावं लागतं आणि त्याला कितीतरी जास्त वर्षं जातात.

कारण उघड आहे. पूर मासे मारतो, पण जाताना ओंडके, नवी खडी, नवे डोह ठेवून जातो. यंत्र नेमकं तेच उचलून नेतं.

बाहेरून मासे आणून सोडणं

नुकसानभरपाई म्हणून हौदात वाढवलेले मासे सोडणं ही सगळ्यांना आवडणारी तोड आहे. फोटो चांगले येतात. पण आडोसा नसलेल्या पात्रात ते मासे थांबणार कुठे? काही खाली वाहून जातात, काही मरतात आणि जे टिकतात ते उरलेल्या रानटी माशांशी त्याच मोजक्या जागांसाठी भांडतात. आधी घर, मग बिऱ्हाड. तोच पैसा मोठे दगड गटागटाने बसवण्यात आणि काठावर झाडं लावण्यात घाला. आयर्लंडमध्ये 1945 च्या कायद्याखाली शेतीचा निचरा आणि पूरनियंत्रणासाठी बॉयनसारख्या ट्राउट-सामनच्या नद्या खोल खणल्या गेल्या. पुढे तिथेच दगड, खडी परत टाकून डोह आणि खळाळ पुन्हा बांधण्याची कामं करावी लागली.

मासा लागत नाही, तेव्हा काय तपासाल

आधी थर्मामीटर, तोही दुपारी. पाणी 20 च्या वर असेल तर गळ आवरा, पकडून सोडलेला मासाही त्या पाण्यात जगेलच असं नाही. सकाळी लवकर या, किंवा थंड ओढा मिळतो त्या तोंडाशी जा.

मग तळातले पाच-सहा गोटे उलटे करून पाहा. खाली मेफ्लाय, कॅडिसच्या अळ्या चिकटलेल्या असतील तर खाणं परत आलं आहे आणि अडचण आडोशाची आहे. हे छोटे कीटक वरच्या पाण्यातून वाहत येऊन बऱ्यापैकी लवकर वस्ती करतात. मोठ्या स्टोनफ्लायच्या अळ्यांना मात्र पाण्यात दोन-तीन वर्षं काढायची असतात, त्या परतायला वेळ लागतो. गोटे गाळात घट्ट रुतले असतील, पायाच्या टोकाने हलत नसतील, तर विणीची आशा त्या पट्ट्यात यंदा धरू नका.

खालून वर चालत जा. साफ केलेला पट्टा जिथे संपतो तिथे पायरीसारखी उडी दिसली, ताजे ढासळलेले काठ दिसले, तर तळ अजून खचतो आहे. तिथे दगड बसवण्याचा खर्च सध्या वाया जाईल, आधी ती पायरी थोपवावी लागेल.

आणि मधल्या सपाट पाण्यात तासभर नकली माशी फेकत बसू नका. कडा धुंडाळा: यंत्राचा हात न पोचलेला कोपरा, पुलाच्या खांबामागची जागा, चुकून राहिलेला एखादा मोठा धोंडा. अशा धोंड्यावर तीन बाजूंनी फेकून पाहा, आधी मागून, मग कडेने आणि शेवटी समोरून. समोरच्या बाजूलाही पाण्याची छोटी उशी असते आणि तिथला मासा बहुतेकजण सोडून जातात.

काम ठरण्याआधीच बोला

पोकलेन आल्यावर काठावर उभं राहून ओरडण्यात अर्थ नाही. बैठकीत ‘काम करू नका’ असं म्हणणारा गळवाला पूरग्रस्तांसमोर बोलतो आहे, हे लक्षात ठेवावं. नेमकं विचारा. खोदकाम नक्की किती मीटर? पूल आणि मोरीच्या पलीकडचं काम कशासाठी? यंत्र एकाच काठाने चालवून दुसऱ्या काठाची झाडं राखता येतील का? काढलेले मोठे धोंडे ट्रकमध्ये न भरता परत पात्रात बसवता येतील का? या शेवटच्या प्रश्नाला बऱ्याचदा हो मिळतं, कारण वाहतुकीचा खर्च वाचतो.

सोबत फोटो न्या. पुलावरून, एकाच जागेवरून, पाणी कमी असताना काढलेले, कामाच्या आधीचे. काम झाल्यावर ‘इथे डोह होता’ हे तोंडी सांगून कुणी ऐकत नाही.