सुरू होतानाच गोठणारा संगणक : माझा अनुभव
गेल्या महिन्यात माझा घरचा संगणक सुरू करताच मदरबोर्डच्या (संगणकातील मुख्य सर्किट बोर्डाच्या) बोधचिन्हाशी अडकू लागला आणि कीबोर्डलाही दाद देईना. विंडोज सुरू होण्याआधीच तो थांबत असल्यामुळे, ती पुन्हा इन्स्टॉल करण्याचा मिळालेला सल्ला मी बाजूला ठेवला व दोष हार्डवेअरमध्येच शोधायचे ठरवले. प्रथम कीबोर्ड वगळता सर्व यूएसबी उपकरणे काढली. फरक पडला नाही. मग वीजजोडणी काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवली आणि रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) दोन पट्ट्यांपैकी एकेकच बसवून पाहिली. पहिलीवर संगणक सुरळीत चालला. त्याच खाचेत दुसरी बसवताच पुन्हा गोठला. तिच्या सोनेरी संपर्कबिंदूंवर काळपट थर चढलेला होता. तो मी पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासून काढला, कण झटकले आणि टोकाचा खटका बसल्याचा आवाज येईपर्यंत पट्टी दाबली. (अर्धवट बसलेली पट्टी हेही अशा बिघाडाचे नेहमीचे कारण असते.) संगणक सुरू झाला, तरी तेवढ्यावर विसंबणे मला योग्य वाटले नाही, म्हणून रॅममधील दोष शोधणारी मेमटेस्ट८६ ही चाचणी रात्रभर चालवली, सकाळी पडद्यावर एकही त्रुटी नव्हती.